पुढचा दांडा

कचेरीभाऊंनी तोफगोळा पुन्हा एकदा पुसायला घेतला, तेव्हा त्यांच्या बायकोला राहवलं नाही.

"आता काय, पावडर लावून टोपडं घालणार आहात त्याला?"

"माणसं यायची वेळ झाली," कचेरीभाऊ म्हणाले. "हा पुरावा आहे. पुरावा स्वच्छ असावा."

"माणसं कसली? तुमचे दादा, तुमचा धाकटा आणि तुमची आत्या. गोळा सोडा, तुम्ही स्वतः आंघोळ केली नसती तरी त्यांनी ओळखलं असतं."

कचेरीभाऊंनी गोळा जांभळ्या मखमलीच्या उशीवर ठेवला, उशी टेबलाच्या मधोमध सरकवली आणि मागे जाऊन डोळे बारीक करून पाहिलं. लहानशा कलिंगडाएवढा गोळा, काळा, एका बाजूने चपटा. कचेरीभाऊंच्या मते तो एखाद्या किल्ल्याच्या भिंतीवर आदळून चपटा झाला होता. त्यांना तो परसातल्या कोळशाच्या ढिगाखाली सापडला होता, आणि तेव्हापासून त्यांची झोप उडाली होती.

झोप उडायला कारणही तसंच होतं. या घरात पुढे राहायच्या खोल्या आणि मागे अंगण ओलांडलं की ओतशाळा. पितळ वितळवून वाळूच्या साच्यात ओतायचं, हा पिढ्यान् पिढ्यांचा धंदा, म्हणून आडनावही ओतारी. तीन भावांपैकी थोरल्याला आणि धाकट्याला बाबांनी भट्टीला लावलं आणि मधल्याला शाळेत घातलं. "मधल्याची छाती नाजूक आहे, त्याला धूर सोसायचा नाही," एवढंच एक वाक्य बाबा बोलले, आणि त्या वाक्यावर मधल्याचा अख्खा जन्म गेला. तो शिकला, कचेरीत चिकटला, खुर्चीमागून खुर्ची चढत साहेब झाला आणि निवृत्त झाला. घरात त्याला कचेरीभाऊ म्हणायला लागले. ते कौतुकाने म्हणतात असं फक्त बाहेरच्यांना वाटे.

फाटकाशी गिऱ्हाईक येऊन हाक मारी, "ओतारी आहेत का?" आणि समोर कचेरीभाऊ उभे असले तरी ते म्हणत, "थांबा हं, बोलावतो." दादाला तरी बोलावत नाहीतर धाकट्याला तरी. शाळेत असताना हेच म्हणाले, नोकरीत असताना हेच म्हणाले, आणि आता डोक्यावरचे उरलेसुरले केस पांढरे झाले तरी हेच म्हणत होते. आडनाव त्यांचंच होतं, पण ते कुणी उच्चारलं की यांची मान आपोआप मागे वळे, खरा ओतारी कुठे आहे ते पाहायला.

याची सल किती खोल होती ते त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. पण गोळा सापडला आणि त्यांना वाट दिसली. आपले पूर्वज नळाच्या तोट्या आणि बिजागऱ्या ओतणारे नव्हतेच! ते तोफा ओतणारे होते. राजाच्या पदरी होते. मूळ आडनाव काहीतरी भारदस्त असणार, मधल्या काळात ते झिजून ओतारी उरलं. भारदस्त आडनाव कुठलं, याचा पुरावा काही नव्हता, म्हणून कचेरीभाऊंनी ते स्वतःच ठरवलं होतं. तोफराजे. तोफराजे व्हायला भट्टीपुढे उभं राहावं लागत नाही, रक्तात असलं की झालं. आज सगळ्यांसमोर ते जाहीर व्हायचं होतं, आणि संध्याकाळच्या आत फाटकावर नव्या आडनावाची पितळी पाटी लागायची होती. बाकीच्यांना त्यांनी पाटी नवी ओतायची आहे एवढंच सांगितलं होतं. जुनी पाटी त्यांनी कालच स्वतः स्टुलावर चढून उतरवली होती.

सगळ्यांत आधी आत्या आली. म्हणजे बाबांची बहीण, घरातलं सगळ्यात जुनं माणूस. आत्याला ऐकू कमी येई, पण ते तिच्या मर्जीवर होतं. तिच्या मागोमाग दादा आले. मनगटं जाडजूड, बोलणं मोजकं. जगातली कुठलीही गोष्ट आवडली तर दादा "चालेल" म्हणत, आणि याच्या पलीकडचं कौतुक त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. मग धाकटा. आणि सगळ्यांत शेवटी दादांचा जावई. तो विमा विकायचा आणि कुणाच्याही म्हणण्याला मान डोलवायचा.

"हे काय, वाढदिवस आहे का कुणाचा?" धाकट्याने उशीकडे बघत विचारलं.

"बस," कचेरीभाऊ म्हणाले. ते उभे राहिले, घसा खाकरला. भाषण पाठ होतं. "आपली ही गल्ली बघा. समोरचे रंगारी चष्मे विकतात. कोपऱ्यावरचे शिंपी लोकांचे दात काढतात. सुतारांची मुलगी विमान चालवते. आडनाव एक आणि धंदा भलताच. म्हणजे आडनाव हे काही धंद्याचं नसतं. ते घराण्याचं असतं. आणि आपलं घराणं..." इथे त्यांनी गोळ्यावर हात ठेवला. "आपलं घराणं तोफांचं आहे."

कचेरीभाऊंना वाटलं, भाषण लागू पडलं.

"कशाचं आहे म्हणाला?" आत्याने विचारलं.

"तोफांचं, आत्या!" धाकटा तिच्या कानाशी ओरडला. "आपण तोफा ओतायचो म्हणे. राजासाठी."

"कुठल्या राजासाठी?"

"ते अजून शोधायचंय," कचेरीभाऊ घाईघाईने म्हणाले. "पण हा गोळा पाहा. ही चपटी बाजू पाहा. हा मारलेला गोळा आहे, आत्या. हा परत आणला कुणीतरी. विजयाची आठवण म्हणून."

जावयाने लगेच मान डोलवली. "तोफराजे यांचे जावई. वा! कार्डावर छान दिसेल हो." आणि काही न सुचून त्याने तो गोळा दोन्ही हातांनी उचलला. उचलला म्हणजे उचलायला गेला. गोळा उशीवरून जेमतेम हलला आणि जावई तसाच वाकलेला राहिला.

"काय झालं?"

"काही नाही," वाकलेल्या जावयातून आवाज आला. "कंबर."

कंबर सुटी व्हायला थोडा वेळ गेला. दोघांनी धरून त्याला कोचावर आडवा केला, आणि त्या गडबडीत उशी बाजूला सरली. तेवढ्यात आत्या टेबलापर्यंत पोचली. तिने चष्मा नाकावर नीट बसवला आणि गोळ्याच्या चपट्या बाजूवरून अंगठा फिरवला.

"अगंबाई," ती म्हणाली. "हा इथे होय! हा तर दाराचा गोळा."

"कसला?"

"मागचं दार वाऱ्याने आपटायचं. म्हणून हा लावून ठेवायचो. याच्यावर माझी करंगळी दोनदा फुटलीय." तिने कचेरीभाऊंकडे पाहिलं. "तुझ्या बापाने ओतलाय हा. पहिल्यांदा भट्टीपुढे उभा राहिला तेव्हा. ओततानाच कमी पडलं, म्हणून इथे चपटा. आमच्या बाबांनी त्याला असा झापला! म्हणाले, विकायच्या लायकीचा नाही, दाराला लावा."

धाकटा हसू दाबायला खिडकीकडे वळला. दाबलं गेलं नाही. कचेरीभाऊंच्या बायकोने पदर तोंडाला लावला, आणि आडव्या जावयाने सवयीने मान डोलवली.

"हसण्यासारखं काय आहे?" कचेरीभाऊ म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "गोळा दाराचा असेल. म्हणून घराणं तोफांचं नाही असं थोडंच ठरतं? मग आडनाव आलं कुठून? सांग ना, आत्या. ओतारी हे नाव आपल्याला दिलं कुणी?"

"ते मला माहीत आहे," आत्या म्हणाली आणि ऐसपैस बसली. "माझ्या आजीने सांगितलंय. तुमच्या पणजोबांचा बाप हमाल होता."

"हमाल!"

"कोळशाची पोती टाकायचा. कुणा दुसऱ्याच्याच ओतशाळेत पोतं घेऊन गेला एकदा. तिथे दोघं जण मूस घेऊन चाललेले. पितळ वितळवतात ते भांडं रे, भरलेलं, लालभडक. पुढचा दांडा धरलेल्याला आली चक्कर. तो मटकन खाली. आता मागचा एकटा काय करणार? सगळं पायावर येणार. तर या हमालाने पोतं टाकलं आणि पुढचा दांडा धरला. साचा भरेपर्यंत सोडला नाही. भांडं खाली ठेवल्यावर मालकाने विचारलं, तू कोण रे? तर हा नुसता लटलटा कापतोय. तोंडातून शब्द फुटेना. मग मालकच म्हणाला, ओतारी दिसतोस. झालं. तेच नाव चिकटलं."

"मला आवडली ही गोष्ट," धाकटा म्हणाला.

"तुला आवडणारच," कचेरीभाऊ म्हणाले. त्यांना ती अजिबात आवडली नव्हती. राजा गेला, किल्ला गेला आणि हातात काय आलं, तर दांडा. या घरात जिकडे जावं तिकडे तो दांडा आडवा येत होता. त्यांनी शेवटची आशा म्हणून थोरल्या भावाकडे पाहिलं. "दादा, तू सांग. तुला काय वाटतं?"

दादा इतका वेळ गोळा हातात घेऊन बसले होते. त्यांनी तो एका हाताने उचलला होता. आडवा जावई डोळे विस्फारून बघत होता.

"तोफराजे," दादांनी शब्द तोंडात घोळवून पाहिला. "चालेल."

धाकट्याचा विश्वास बसेना. "दादा! तू? अरे, गाडीवर रंगवलेलं नाव बदलावं लागेल, पावत्या बदलाव्या लागतील, गिऱ्हाईक विचारेल की..."

"तो शिकलेला आहे. त्याने विचार केला असेल," दादा म्हणाले. "आणि भट्टी मी सकाळीच पेटवलीय. बोलत काय बसलात? चला मागे."

कचेरीभाऊंना एकदम भरून आलं. दादा आपल्या बाजूने उभा राहील असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. इतकं सोपं असेल हे माहीत असतं तर त्यांनी गोळा इतक्यांदा पुसलाच नसता.

ओतशाळेत उकाडा होता. कोपऱ्यात भट्टी घुमत होती, जमिनीवर काळ्या वाळूचा ढीग, भिंतीला लाकडी फर्मे टांगलेले. आत्याला बसायला खुर्ची नव्हती, तर धाकट्याने दोन विटांवर एक जुनी फळी टाकून दिली. घरच्या ओतकामाला घरच्या प्रत्येकाने थोडं पितळ टाकायचं, ही इथली रीत. आत्याने पोलक्याची घासलेली पितळी बटणं आणली होती, कचेरीभाऊंच्या बायकोने मोडकी कडी, धाकट्याने कुठलीतरी बिनकुलपाची किल्ली. जावयाने कंबर धरत कोटाचं बटण तोडून दिलं. ते प्लास्टिकचं निघालं. धाकट्याने ते हळूच खिशात टाकलं.

"आणि तू?" दादांनी विचारलं.

कचेरीभाऊंनी कागदात गुंडाळलेली जुनी पाटी काढली. बाबांनी ओतलेली. वर्षानुवर्षं घासून तिच्यावरची अक्षरं गुळगुळीत झाली होती. दादांनी ती हातात घेतली आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवली.

"नक्की?"

"नक्की," कचेरीभाऊ म्हणाले.

पाटी मुशीत गेली. एका कोपऱ्याने आधी वाकली, मग बसली, मग दिसेनाशी झाली. आत्याने जोरात नाक शिंकरलं. आता या घराला नाव नव्हतं.

मग कचेरीभाऊंनी कापडातून आपला फर्मा बाहेर काढला. फर्मा म्हणजे पाटीचा लाकडी नमुना. तो वाळूत दाबायचा, अलगद उचलायचा, आणि वाळूत उमटलेल्या खोबणीत पितळ ओतायचं. हा फर्मा कचेरीभाऊंनी स्वतः कोरला होता. कित्येक दुपारी मागच्या खोलीचं दार लावून, कुणाला न सांगता. तोफराजे. प्रत्येक अक्षराला वेल, वेलाला वळसा, वळशाला आणखी एक फुलोरा, आणि कडा अशा धारदार, की बोट कापावं.

"तू केलंस हे?" धाकट्याने विचारलं. या वेळी चेष्टा नव्हती.

"मी," कचेरीभाऊ म्हणाले. या घरात हाताने केलेली त्यांची ही पहिली वस्तू होती.

दादांनी चौकट ठेवली, फर्मा मांडला, त्यावर भुकटी मारली, वाळू भरली आणि ठोकून घट्ट केली. मग चौकट उलटी केली, फर्म्याला हळूच टिचक्या मारल्या आणि उचलला. फर्म्याबरोबर अर्धी वाळूही वर आली.

"होतं असं कधी कधी," दादा म्हणाले.

त्यांनी पुन्हा वाळू भरली, पुन्हा ठोकली, पुन्हा उचलला. या खेपेला वाळूत जे उमटलं ते म्हैस लोळून गेल्यासारखं दिसत होतं. तिसऱ्या वेळी दादांनी श्वास रोखून उचलला, सगळ्यांनीच श्वास रोखले, आणि फुलोऱ्यांनी वाळू अशी कवटाळून धरली की सोडायचं नावच नाही.

धाकटा वाकला, फर्म्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि वर पाहिलं.

"भाऊ," तो हळूच म्हणाला. "उतार?"

कचेरीभाऊंच्या अंगातून वीज गेली. उतार! फर्म्याच्या कडा सरळ उभ्या ठेवायच्या नसतात, त्यांना किंचित उतार द्यायचा असतो, नाहीतर वाळू सोडत नाही. हे या घरात कुणाला शिकवावं लागत नसे. लहानपणी वाळूच्या ढिगाशी खेळताना बाबांनी त्यांनाही सांगितलं होतं. आत्याला माहीत होतं. पुस्तकं विकणाऱ्या माहेरातून आलेल्या त्यांच्या बायकोला माहीत होतं. आणि त्यांनी? त्यांनी कित्येक दुपारी कानस घेऊन एकेक कड मुद्दाम सरळ केली होती.

"उतार दिला नाहीस?" आत्या कडाडली. आता तिला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. "ओताऱ्याच्या घरात जन्मून उतार दिला नाहीस? अरे, मी पोळपाटाला उतार मागते सुताराकडे!"

आणि ती हसायला लागली. मग धाकटा, मग कचेरीभाऊंची बायको. जावयालाही हसू आलं, पण कंबरेने त्याला आवरलं. दादांचे खांदे हलायला लागले तेव्हा कचेरीभाऊंना समजलं की आता काही उरलं नाही. त्यांना रडावंसं वाटत होतं. साठी उलटलेला माणूस वाळूच्या ढिगाशी उभा राहून रडला, असं व्हायला नको, म्हणून ते फर्म्याची वाळू झाडत बसले. जी कुठूनच निघत नव्हती.

"दादा, धूर," धाकटा एकदम म्हणाला.

मुशीतून पांढरा धूर यायला लागला होता. पितळ फार वेळ तापत ठेवलं की त्यातलं जस्त उडून जातं आणि हाती नुसता खंगर राहतो. आता थांबून चालणार नव्हतं.

"नुसती ठोकळ्यासारखी लादी ओतून टाकू," धाकटा म्हणाला. "पुढे बघू."

"घरच्या ओतीची लादी नाही करायची," दादा म्हणाले. "सगळ्यांचं पितळ आहे त्यात. बाबांची पाटी आहे. काहीतरी झालं पाहिजे त्याचं, आज." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "जुन्या पाटीचा फर्मा कुठे आहे? बाबांचा?"

भिंतीवर नव्हता. कोनाड्यात नव्हता. धाकट्याने कपाळावर हात मारला आणि आत्याकडे वळला.

"आत्या, ऊठ जरा."

"का? मी कुणाच्या वाटेत आहे?"

"ऊठ ना. आडनावावर बसलीयस."

आत्या उठली. धाकट्याने तिच्याखालची फळी उलटी केली. खालच्या बाजूला अक्षरं होती, साधी, गोलसर, फुलोरा नाही की वळसा नाही. ओतारी. कडांना बोट लावलं तर नुसतं घरंगळून खाली जात होतं.

दादांनी फळी पुसली, पण लगेच वाळूला हात घातला नाही. ते मधल्या भावाकडे बघत राहिले. धूर वाढत होता. "बोल," ते म्हणाले. "तुझ्या मनात नसेल तर तवा ओतू, नाहीतर दारासाठी दुसरा गोळा ओतू."

कचेरीभाऊंनी हातातल्या तोफराजेकडे पाहिलं, मग फळीकडे. "तीच घे," ते म्हणाले. "वाळू तरी सोडेल."

वाळूने फळी पहिल्याच झटक्यात सोडली. चौकट मिटली, वर पितळ आत जायला तोंड ठेवलं. धाकट्याने मुशीवरची मळी काढली. आणि दादांनी भिंतीवरचे चामडी हातमोजे आणि एप्रन काढून कचेरीभाऊंसमोर धरले.

"हे काय?"

"घराच्या पाटीचं काम ज्याने काढलं, त्याने पुढचा दांडा धरायचा. बाबांचा नियम. मागे मी आहे."

"दादा, माझी छाती..."

"छातीचं मला सांगू नका," त्यांची बायको म्हणाली. "रोज रात्री मी ऐकते तुमची छाती. शेजारचेही ऐकतात."

कचेरीभाऊंनी मोजे घातले. मोजे बाबांचे होते, आतून कडक झालेले. एप्रनची गाठ दादा मागून बांधत होते, आणि समोर तोंड नव्हतं म्हणूनच बहुतेक ते बोलले.

"लहानपणी मला तुझा फार राग यायचा," दादा म्हणाले. "मला वाटायचं, बाबांनी तुला तेवढं वाचवलं. आम्हा दोघांना घातलं भट्टीत."

कचेरीभाऊ वळले. "आणि मला वाटायचं, त्यांनी मला मोजलंच नाही."

"वेडाच आहेस," दादा म्हणाले आणि गाठ गरजेपेक्षा जोरात आवळली. "तुझ्या प्रत्येक निकालाला ते गल्लीभर फिरायचे. धर आता."

भट्टीतून मूस निघाली आणि दोन दांड्यांच्या पकडीत बसली. कचेरीभाऊंनी पुढचा दांडा धरला. धग अशी तोंडावर आली की डोळ्यांतलं पाणी तिथल्या तिथे सुकलं. अंगावरचा एप्रन लटलटा कापत होता. पितळ ओतताना या घरात कुणी बोलत नसे. साचा भरताना बारीक गुळगुळ आवाज होतो, तो पुढच्या माणसाला ऐकू यावा लागतो. आत्याचं तोंड मिटलं. त्या दिवसात प्रथमच.

कचेरीभाऊंनी दांडा तिरका केला. पिवळीधमक धार निघाली, जरा थरथरली, साच्याच्या तोंडाच्या कडेवर चार थेंब उडाले, आणि मग आत शिरली. थांबायचं नाही. मध्ये धार तुटली तर पाटीला शिवण पडते, हे त्यांना माहीत होतं, हेही लहानपणापासून माहीत होतं. हात भरून आले. खांदे ओरडायला लागले. त्यांना त्या हमालाची आठवण झाली, पोतं टाकून आलेल्या, बोलायचं भान न राहिलेल्या. आतली गुळगुळ बारीक होत गेली आणि तोंडाशी पितळ वर येऊन चमकलं.

"बस," मागून दादा म्हणाले.

मूस खाली ठेवल्यावर कचेरीभाऊ वाळूच्या ढिगावर बसले. कुणीतरी पाणी दिलं. त्यांना काही विचारलं असतं तर खरंच शब्द फुटला नसता, पण कुणी विचारलं नाही. सगळे साच्याकडे बघत होते.

चहा होईपर्यंत पाटी निवली. दादांनी चौकट सोडली, वाळू झाडली, ब्रश फिरवला. एक कोपरा किंचित खडबडीत होता आणि कडेला एक फोड आला होता. पण अक्षरं भरली होती, सगळी.

दादांनी ती उजेडात धरून उलटसुलट पाहिली. "चालेल," ते म्हणाले.

कचेरीभाऊ कानापर्यंत हसले. तोफराजे म्हटल्यावरसुद्धा दादा हेच म्हणाले होते, पण या खेपेला त्यांनी पाटीवरून दोनदा हात फिरवला होता.

"बापाच्या पहिल्या ओतीपेक्षा बरी झाली," आत्या म्हणाली. "त्याचा तर गोळासुद्धा गोल आला नव्हता."

"आत्या, ती हमालाची गोष्ट," कचेरीभाऊ म्हणाले. "खरी आहे का गं ती?"

"काय माहीत!" आत्याने बशीत चहा ओतला. "माझी आजी एक नंबरची थापाडी होती. तिच्या माहेरी म्हणे हत्ती होता."

पुढच्या अंगणात कचेरीभाऊंची बायको तोफराजेचा फर्मा धुऊन उन्हात ठेवत होती. लाकूड चांगलं होतं आणि फुलोरे मजबूत होते, न्हाणीघरात टॉवेल टांगायला उपयोगी पडणार होते. तेवढ्यात फाटकाशी एक माणूस येऊन उभा राहिला. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. जिथे पाटी असायची तिथली खिळ्यांची भोकं बघून तो घोटाळला होता.

"काय हो, ओतारी इथेच ना? आहेत का?"

कचेरीभाऊ अंगणात आले होते. सवयीने त्यांची मान मागे वळली. दादा घराच्या पुढच्या दारात उभे होते, हातात कप, आणि नजर छपरावर. छपरावर बघण्यासारखं काहीही नव्हतं. धाकटाही तिथेच बघत होता.

कचेरीभाऊंनी मान पुढे केली. एप्रन अजून अंगावरच होता.

"आहेत की," ते म्हणाले. "या आत. काय ओतायचंय?"